वादळात शीड कमी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि त्याच्या माळ्यावर शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती आहेत. लोक येतात बुश नाहीतर शाफ्ट करून घ्यायला, आणि नजर वर गेली की तासभर प्रश्न विचारत बसतात. गेली काही वर्षं पावसाळा संपला की मी एका मित्राच्या चौतीस फुटी बोटीवर खलाशी म्हणून गोवा ते मालवण पट्ट्यात जातो. त्यामुळे सांगायला थोडं हाताशी आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कोल्हापुरात समुद्र कुठाय? तुम्हाला हे खूळ कुठून लागलं?

समुद्र नाही, पण आरमार होतं. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर गादीकडे होते, आणि इंग्रज व्यापारी त्या पट्ट्यातल्या गलबतांना इतके टरकून होते की त्यांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्गावर स्वारी केली. शेवटी १८१२ च्या तहात मालवण बंदर हातचं गेलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या गावातल्या दरबारात शिडं, दोर आणि डोलकाठ्यांचे हिशेब होत असणार.

आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर गगनबावड्याला जा. ती अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पावसाळ्यातल्या छावणीचा विचार केला आहे : समुद्र खवळायच्या आत जहाजं सुरक्षित बंदरात, किल्ल्याच्या आसऱ्याला आणून ठेवायची. खालच्या निम्म्या उत्तरांचं बीज तिथेच आहे. वारा आल्यावर काय करायचं हे शिकावं लागतंच, पण वारा यायच्या आधी काय करायचं हे ज्याला कळलं त्याचं काम अर्धं होतं.

वारा वाढला तर जहाज जास्त जोरात जाईल. मग शीड कमी कशाला करायचं?

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही गणिताची.

पहिलं : वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट, तिप्पट झाला की नऊपट. ढोबळ आकडे सांगतो. १० नॉट वाऱ्यात शिडाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण दीड किलोचा भार येतो. २० नॉटला साडेसहा किलो, ३० ला साडेचौदा, ४० ला २६ च्या आसपास. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.) आता ४० चौरस मीटरचं शीड धरा. सकाळच्या झुळकीत साठ-पासष्ट किलो ओढणारं तेच कापड ३० नॉटला पावणेसहाशे किलोच्या घरात पोचतं. कापड तेच, काठी तीच, दोर तेच. माझ्या धंद्यातला माणूस याला एका शब्दात उत्तर देतो : ओव्हरलोड.

दुसरं : जहाजाला वेगाची मर्यादा असते. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी २८ फूट असेल तर ती सुमारे ७ नॉटपर्यंत सुखाने जाते, पुढे नाही. त्यानंतर वाढवलेला जोर वेगात जात नाही, बोट आडवी करण्यात जातो. बोट फार कलली की सुकाणूही अर्धं पाण्याबाहेर येतं आणि नीट धरत नाही. म्हणून वारा वाढल्यावर शीड कमी केलं तर बोट बहुतेक वेळा हळू होत नाही. उलट सरळ होते आणि कधी कधी थोडी जोरातच जाते. हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं.

'रीफ घेणे' म्हणजे नेमकं काय करतात?

शिडाचा खालचा भाग दुमडून बांधायचा, म्हणजे वाऱ्याला मिळणारं कापड कमी होतं. शीड काढून टाकणं वेगळं आणि रीफ घेणं वेगळं.

आमच्या बोटीवर असं होतं. आधी शीट ढिली करायची. इथे नवा माणूस हमखास गोंधळतो : शीट म्हणजे कापड नव्हे, शीड आत-बाहेर करायचा दोर. ती सुटली की शीड फडफडायला लागतं आणि भार उतरतो. मग शीड वर ओढणारा दोर, हॅलयार्ड, सोडत शीड खाली घ्यायचं. ठरावीक उंचीवर कडेला लोखंडी कडी असते, ती डोलकाठीपाशी असलेल्या हुकात अडकवायची. हॅलयार्ड पुन्हा कडक ताणायचा. नंतर शिडाच्या मागच्या कडेची कडी दोराने खाली आणि मागे ओढून घट्ट करायची. मग शीट पुन्हा आत. उरलेल्या लोंबत्या कापडाला छोट्या दोऱ्यांनी गुंडाळायचं, पण त्या दोऱ्यांवर भार येता कामा नये. त्या फक्त पसारा आवरायला असतात. भार दोन कड्यांनीच घ्यायचा. हे विसरून दोऱ्या ताणून बांधल्या की शीड त्याच ओळीत फाटतं.

पुढचं शीड हल्ली बहुतेक बोटींवर गुंडाळीवर असतं, दुकानाच्या शटरसारखं. सोय चांगली आहे, पण अर्धं गुंडाळलेलं शीड पोट धरून राहतं आणि जोरदार वाऱ्यात ते पोटच नको असतं. म्हणून खऱ्या वादळासाठी जाड कापडाचं छोटं वेगळं शीड ठेवतात, त्याला स्टॉर्म जिब म्हणतात.

मोठ्या चौकोनी शिडांच्या जहाजावर कोणतं शीड आधी उतरवतात?

साधारणपणे वरून खाली. एका डोलकाठीवर खालून वर अशी शिडं असतात : कोर्स, टॉपसेल, टॉपगॅलंट आणि सगळ्यात वर रॉयल. हलक्या वाऱ्यात काठ्यांच्या टोकांना आणखी जोडशिडं लावत, ती सगळ्यात आधी जातात. मग रॉयल, मग टॉपगॅलंट. वरचं शीड लहान असलं तरी त्याची तरफ लांब असते, त्यामुळे जहाज कलवण्यात त्याचा वाटा मोठा.

पण शेवटपर्यंत राहतं ते सगळ्यात खालचं शीड नव्हे, तर टॉपसेल. कारण लाटा डोंगराएवढ्या झाल्या की दोन लाटांच्या खळग्यात खालच्या शिडाला वारा मिळत नाही आणि जहाज शिखरावर आलं की एकदम झटका बसतो. टॉपसेल उंचावर असल्याने त्याला सतत वारा मिळतो. त्यावर दुमडायच्या तीन-चार आडव्या ओळी असत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एक हुशारी झाली. एवढं मोठं टॉपसेल दुमडायला डझनावारी माणसं लागत, म्हणून त्याचे वर-खाली दोन तुकडे केले. वारा वाढला की वरचा तुकडा उतरवायचा आणि खालचा ठेवायचा. रीफ न घेताच शीड निम्मं होतं आणि कमी माणसांत काम भागतं. मालकाचा पगार वाचला आणि खलाशाचा जीवही. दोन्ही एकत्र वाचल्याची उदाहरणं जहाजांच्या इतिहासात फार नाहीत.

माणसं वर जाऊन हे करत? पडत नसत?

पडत. बरेच पडत.

आधी डेकवरून दोर ओढून शीड आडव्या काठीपर्यंत वर खेचून घ्यायचं. आपल्या किनाऱ्यावर या काठीला परबाण म्हणतात. एवढ्याने शिडाचा जोर मोडतो, पण कापड फुग्यासारखं फडफडत राहतं. मग माणसं दोराच्या शिडीने वर चढतात, नेहमी ज्या बाजूने वारा येतोय त्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला शिडीवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने चढलात तर तोच वारा तुम्हाला उपटून काढतो.

परबाणाखाली एक दोर लोंबता बांधलेला असतो. त्यावर पाय ठेवायचे, पोट काठीवर टेकायचं, आणि दोन्ही हातांनी कापड वर ओढून काठीवर गोळा करून पट्ट्यांनी बांधायचं. भिजलेलं जाड कॅनव्हास म्हणजे मऊ कापड नव्हे, पत्राच तो. नखं उखडत. खाली जहाज झोके घेतंय, आणि डेकवरचा दहा अंशांचा झोका शंभर फूट वर कित्येक फुटांचा फेरा होतो. शेजारचा माणूस पायदोरावर चढला किंवा उतरला की तुमच्या पायाखालचा दोर खालीवर होतो, म्हणून चढताना ओरडून सांगायची पद्धत होती. एक हात जहाजासाठी, एक स्वतःसाठी, असा खलाशांचा नियम होता. पण दोन हातांशिवाय कापड आवरत नाही, त्यामुळे तो नियम कितपत पाळला जाई देव जाणे.

आताच्या प्रशिक्षण जहाजांवर पट्टा लावल्याशिवाय कोणाला वर सोडत नाहीत.

शीड कमी करायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

सगळ्यात मोलाचा प्रश्न, आणि हा फार कमी लोक विचारतात.

जुनं उत्तर आकड्यांत आहे. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमाराला वाऱ्याची ० ते १२ अशी मोजपट्टी केली. आज हवामानखात्याच्या बातमीत ती नॉटमध्ये येते, पण मुळात तो वारा मोजतच नव्हता, शिडं मोजत होता : अमुक वाऱ्यात लढाऊ जहाज कोणती शिडं पेलू शकतं? ६ ला टॉपसेलला एक रीफ, ७ ला दोन, ८ ला तीन. ११ ला फक्त वादळी छोटी शिडं. आणि १२ म्हणजे ज्यात कोणतंच कापड टिकणार नाही असा वारा. आजच्या हिशेबात ६ म्हणजे २२ ते २७ नॉट, ८ म्हणजे ३४ ते ४०, आणि १२ म्हणजे ६४ च्या वर. मला ही मोजपट्टी फार आवडते, कारण ती वाऱ्याला विचारत नाही, जहाजाला विचारते.

छोट्या बोटीवर खुणा अशा. सुकाणू जड होतं, बोट सारखी वाऱ्याकडे वळायला बघते आणि तुम्ही दोन्ही हातांनी तिला धरून ठेवता. खालच्या बाजूची कड पाण्यात जाते. चहाचा पेला ठेवता येत नाही. बोलणारी माणसं गप्प होतात. ही शेवटची खूण कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही, पण माझ्या अनुभवात ती सगळ्यात पक्की आहे.

खरं तर या खुणा दिसल्या म्हणजे उशीर झाला. जगभरचे खलाशी सांगतात की रीफ घ्यावा का असा विचार मनात पहिल्यांदा आला तीच वेळ. दहा मिनिटांनी तेच काम दुप्पट कष्टाचं होतं. आणि रीफ उगाच घेतला गेला तर? सोडायला पाच मिनिटं लागतात. बिघडतं काय?

बिघडतो तो मान. एका नोव्हेंबरात देवगडहून खाली येत होतो. त्या किनाऱ्याला दुपारनंतर वायव्येचा वारा चढत जातो, ते आम्हाला माहीत होतं. मी दोन वाजता म्हटलं, "रीफ घेऊया का रे?" मित्र म्हणाला, "अजून कुठं, मस्त चाललीय की." तीन वाजता त्याने विचारलं आणि मीच म्हटलं, "तासाभरात पोचतोय." दोघांपैकी कोणालाच घाबरट ठरायचं नव्हतं. साडेतीनला शिडाची मागची कड वरपासून हातभर फाटली. टरकन आवाज झाला आणि दोघं एकमेकांकडे न बघता दोर सोडायला पळालो. दुरुस्तीचं बिल अर्धं अर्धं भरलं.

आणखी एक सापळा. वारा पाठीमागून असताना तो कमी वाटतो. दुचाकीवर शिरोलीकडे जाताना पाठचा वारा जाणवतच नाही, आणि यू-टर्न घेतला की टोपी उडते, तसंच. २५ नॉट वाऱ्यात ७ नॉटने पळणाऱ्या बोटीवर फक्त १८ जाणवतात. काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळवावी लागली की तेच ३० झाले. आणि दाब वर्गाने वाढतो हे वर लिहिलंच आहे : १८ वरून ३० म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. म्हणून पाठीमागचा वारा असताना अधूनमधून स्वतःला विचारायचं, आत्ता वळलो तर एवढं कापड पेलेल का?

रात्र होण्याआधी एक रीफ घ्यावाच, असं आमच्या बोटीवर ठरलेलं आहे. देवगडनंतर ठरलं.

वळवासारखा अचानक झोत आला तर?

उपमा बरोबर आहे. एप्रिलमधली चारची वेळ, निवांत उकाडा, पश्चिमेला काळं, आणि मग पाच मिनिटांत पत्रे, फ्लेक्स, मांडव सगळं हवेत. समुद्रावरचा स्क्वॉल असाच येतो. ढगाखालून थंड हवा जमिनीवर आदळून पसरते तसा. दिशाही अचानक बदलते.

१८७८ च्या मार्चमध्ये युरिडिसी हे ब्रिटिश प्रशिक्षण जहाज घरापासून काही तासांवर असताना आईल ऑफ वाईटजवळ हिमझोतात सापडलं. शिडं उभारलेली, तोफांच्या खिडक्या हवेसाठी उघड्या. तीनशेहून जास्त माणसं गेली, दोन वाचली. १९३२ च्या जुलैत जर्मनीचं निओबे बाल्टिक समुद्रात असंच उलटलं. उन्हाळ्याचा दिवस म्हणून झडपा उघड्या होत्या, ६९ जण बुडाले. १९८६ मध्ये प्राइड ऑफ बाल्टिमोर अटलांटिकमध्ये उलटलं, चौघे गेले. पहिल्या दोन जहाजांत नुसती शिडं कमी करायची राहिली होती असं नाही, भोकंही बंद करायची राहिली होती. जहाज कललं तर परत उभं राहतं, पण आत पाणी शिरलं तर नाही.

छोट्या बोटीवर झोत आला तर पहिलं काम शीट सोडणं. विचार नंतर. चौकोनी शिडांच्या जहाजाला एवढी मोकळीक नसते. वारा अचानक पुढून आला तर शिडं उलटी होऊन डोलकाठ्यांवर दाबली जातात, आणि काठ्यांना मागून ओढून धरणारे दोर भक्कम असले तरी पुढून तेवढे नसतात. काठ्या मोडतात त्या अशाने. म्हणून तिथे काळा ढग दिसला की वरची शिडं आधीच उतरवतात.

मग सगळीच शिडं उतरवून टाकली तर सुरक्षित नाही का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. शीड नसलं की जहाजाला चाल नाही, चाल नाही तर सुकाणूला पाणी लागत नाही, आणि मग लाट जिकडे फिरवेल तिकडे ते आडवं पडतं. शीड जहाजाचा झोकाही आवरतं.

म्हणून 'हीव्ह टू' नावाची एक सुंदर युक्ती आहे. पुढचं छोटं शीड मुद्दाम उलट्या बाजूला, मागचं रीफ केलेलं, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधलेलं. दोन्ही शिडं एकमेकांविरुद्ध भांडतात आणि बोट जवळजवळ जागेवर, वाऱ्याला खांदा देऊन उभी राहते. आत जाऊन भात शिजवता येतो. पण ती हळूहळू वाऱ्यासोबत सरकते, त्यामुळे त्या बाजूला किनारा असेल तर ही चैन परवडत नाही. किनारा जवळ असताना उघड्या समुद्राकडे जाता येईल एवढं शीड ठेवावंच लागतं, ते फाटण्याची जोखीम घेऊनही.

खूपच वाढलं तर नुसत्या डोलकाठ्यांवरचा वाराच चाल देतो, तेव्हा शिडं उतरवून वाऱ्याबरोबर पळायचं आणि मागे लांब दोर सोडून वेग आवरायचा. तोही उपाय झाला.

फ्लेक्सला हवा जायला भोकं पाडतात, तशी शिडाला पाडली तर?

शहाण्याने पाडू नयेत. ताणलेल्या कापडातलं भोक म्हणजे फाटण्याची सुरुवात.

कोकणातल्या आपल्या जुन्या गलबतांवर हे कसं करत?

त्यांच्यावर तिरक्या परबाणाला लावलेलं मोठं शीड असे. ते रीफ करणं अवघड, म्हणून परबाणच खाली घेऊन लहान शीड चढवणं हा मार्ग. पण मुख्य उपाय वेगळाच होता : न जाणे. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच समुद्र उघडे. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यात माशांच्या पैदाशीचा हेतू आहे, पण जुन्या तांडेलांना, म्हणजे गलबतांच्या कप्तानांना, तो काळ कोणी कॅलेंडरवर दाखवायची गरज नव्हती.

भारतात आज अशी जहाजं आहेत का?

आहेत. आयएनएस तरंगिणी गोवा शिपयार्डला बांधली, १९९७ मध्ये नौदलात आली. तीन डोलकाठ्या, ५४ मीटर लांबी, २० शिडं. २००३-०४ मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तिच्या धर्तीची सुदर्शिनी २०१२ ची. गोव्यातच बांधलेल्या म्हादेई या छोट्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१७-१८ मध्ये तारिणीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी. एकटा माणूस वादळात रीफ घेतो म्हणजे सुकाणू सोडून घेतो, हे लक्षात ठेवून दोंदे यांच्या प्रवासाकडे बघा.

अभिलाष टॉमी यांचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. २०१८ च्या सप्टेंबरात, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना, दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात त्यांच्या बोटीच्या डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला आणि फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मुरलेला खलाशी, तरीही. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

रीफच्या दोऱ्यांना कोणती गाठ मारतात?

स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट. उजवा डाव्यावर, मग डावा उजव्यावर. दोन्ही वेळा एकच हात वर घेतला तर ती रडकी गाठ होते, नको तेव्हा सुटते आणि हवी तेव्हा सुटतच नाही. रीफ नॉट इथे वापरतात कारण ओल्या बोटांनी, अंधारात, एक टोक झटक्याने ओढलं की ती उकलते. त्याच कारणाने दोन दोर जोडायला ती कधी वापरू नका. वर्कशॉपमध्ये आलात तर खिळ्याला सुतळी लावून ठेवली आहे, डोळे मिटून मारून बघा.